येणारी गाडी

नानांची गाडी येणार आहे. वडगावपासून खंडाळ्यापर्यंत हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त गाडीला कोणी कळवलेलं नाही.

गाडी म्हणजे एमजी टीसी. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली, दोन माणसांची, कापडी टपाची. लोणावळ्याच्या पावसात कापडी टप! काकू म्हणतात, "छत्रीला चाकं लावून घ्या, स्वस्तात पडेल."

टीसीच का, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात नाही, आयात धोरणात आहे. वर्षानुवर्षं नियम असा होता, की परदेशातून जुनी गाडी स्वतःसाठी आणायची तर ती १ जानेवारी १९५०च्या आधी बनलेली हवी. नाना आधी या तारखेच्या प्रेमात पडले, गाडी मागाहून सापडली. शिवाय अमेरिकेला गेलेल्या टीसीचंही स्टिअरिंग उजवीकडेच असतं. हे कळल्या दिवसापासून न्यू जर्सीतल्या पुतण्याची झोप उडाली आहे. कस्टम ड्युटी गाडीच्या किमतीहून जास्त होते, हा हिशेब नानांनी वहीत मांडला आणि वही कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली काकूंकडे नाही.

गाडी नसली तरी तिचं सामान येत असतं. पुतण्या येतो तेव्हा घरच्यांना चॉकलेटं आणि नानांना कार्बोरेटरच्या सुया, वॉशर, रबरी नळ्या. पाने तर गेल्या खेपेलाच आले. त्यांची कथा दूधवाल्यालाही पाठ आहे : एमजीवाल्या मॉरिसने कॉव्हेंट्रीत इंजिनाचा कारखाना घेतला तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, म्हणून टीसीच्या इंजिनात बोल्टाचं डोकं इंग्रजी व्हिटवर्थ मापाचं आणि आटे फ्रेंच मेट्रिक. "बाहेरून साहेब, आतून फ्रेंच!" नाना म्हणतात. दूधवाला मान डोलावतो आणि मापात पाव लिटर कमी घालतो.

२०२५ साली सरकारने नियम सैल केला. पन्नास वर्षांपूर्वीची कुठलीही गाडी आता आणता येते. देशभरचे शौकीन पेढे वाटत होते आणि नानांच्या घरी सुतक. इतकी वर्षं एका तारखेच्या कुंपणात सुखाने गेली, आता १९७५पर्यंतचं सगळं रान मोकळं! म्हणजे निवड पुन्हा पहिल्यापासून. पुतण्याने फोन उचलणं बंद केलं आहे, असं ऐकतो.

तोवर दारात डुक्कर फियाट आहे, १९५०च्या दशकात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. तिला नानांनी हौसेने व्हिंटेज गाड्यांसाठीच्या 'व्हीए' मालिकेचा नंबर घेतला. २०२१च्या नियमाप्रमाणे अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. नानांना कायदा मोडणं जमत नाही, आणि सुदैवाने फियाट त्यांच्यावर तशी वेळ आणत नाही. तिची दुरुस्ती रोज निघते. गॅरेज कामशेतला, आणि वाटेत मंडई लागते हा भूगोलाचा दोष.

मागच्या मे महिन्यात खोपोलीहून वर येताना घाटात रेडिएटर उकळला. वाफेचा लोट पाहून मुंबईकर थांबले, पोरं बॉनेटपाशी सेल्फी काढू लागली, मागे रांग लागली. नाना बाजूला कमरेवर हात ठेवून इंजिनाचा इतिहास सांगत होते. हवालदार आले.

"नाना, ही काय गाडी लावायची जागा झाली?"

"लावलेली नाही. प्रदर्शन चालू आहे. नियमात बसतं."

हवालदारांनी गर्दीवरून नजर फिरवली. "बरं. मग प्रेक्षकांना म्हणावं, धक्का मारा."