अण्णांची स्टेपनी

प्रत्येक गल्लीत असा एक असतो. आपण अजून दुकानसुद्धा ठरवलेलं नसतं आणि हा चपला घालून दारात हजर: "चल, मी येतो. तुला एकट्याला गंडवतील." इंदूरच्या रामबागेत आमच्या वाट्याला आले ते अण्णा.

फ्रिज असो, पंखा असो, अण्णा त्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि विचारतात, "स्टेपनी कुठंय?" त्यांच्या स्वतःच्या खिशात चष्मे दोन. लग्नाला निघाले की पिशवीत चपलांचा दुसरा जोड. एकदा सत्यनारायणाला त्यांनी दोन गुरुजी सांगून ठेवले होते. दुर्दैवानं दोघेही आले. अण्णांनी पाच अध्याय तीन-दोन असे वाटून दिले आणि प्रसाद वाढताना म्हणाले, "पंक्चर कुणाचंही होऊ शकतं." भाचीसाठी स्थळ बघायला त्यांना नेलं होतं, तिथे त्यांनी मुलाच्या वडिलांना काय विचारलं ते मी इथे लिहीत नाही.

'स्टेपनी' हा शब्द मूळचा वेल्समधल्या लॅनेली गावचा. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमाराला दोघा भावांनी मोटारींसाठी जादा चाक बनवायला घेतलं. साहेब तो शब्द केव्हाच विसरला, आपण अजून वापरतो. ही माहिती मी मोठ्या ऐटीत अण्णांना दिली. ते म्हणाले, "बघ, साहेबानं शब्दाचीसुद्धा स्टेपनी आपल्याकडे ठेवली."

तर आमच्या चिरंजीवांना चार पुरी झाली आणि त्यांनी पायानं ढकलायच्या स्कूटरचा हट्ट धरला. हिनं तो विषय अण्णा चहा पीत असताना काढला, ही चूक. 'स्कूटर' ऐकताच अण्णांनी कप खाली ठेवला. चेतक १९७२ मध्ये बाजारात आली, आणि पुढे कित्येक वर्षं ती घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वाट बघत म्हातारं व्हायचं, असा हिशेब होता. अण्णांनी नंबर लावला तेव्हा ते सडे होते. गाडी दारात आली तेव्हा पुढे उभं राहायला मुलगा तयार होता.

राणीपुऱ्यातल्या दुकानात पोऱ्यानं आधी काढली ती चमचमणारी, गाणी म्हणणारी, चाकांत दिवे लागणारी. "भिया, बच्चे इसी पे मरते हैं."

"मरतीलच," अण्णा म्हणाले. "ब्रेक दाखव."

ब्रेक मागच्या चाकावर होता, पायानं दाबायचा. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण अण्णा खूश झाले. चेतकचा मागचा ब्रेकही पायातच होता. मग त्यांनी चाकाला नख लावून पाहिलं. कडक प्लॅस्टिक. "ही फरशीवर सटकणार आणि गल्लीत खडखडणार. रबरासारखी पीयूची चाकं काढ." फळी जमिनीपासून किती उंच तेही त्यांनी वाकून पाहिलं, कारण फळी उंच असली की पोराला जमिनीवरच्या पायासाठी दर ढकलीला गुडघा वाकवावा लागतो. खेळण्यांवर आयएसआयची खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे हे मी वाचून गेलो होतो. ती शोधून मी माझा वाटा उचलला.

शेवटी तीनचाकी पसंत पडली. पुढे दोन चाकं, मागे एक. लहान पोराचा तोल त्यावर राहतो, आणि ते ज्या बाजूला कलेल तिकडे गाडी वळते. पोऱ्या धास्तावून अण्णांच्या तोंडाकडे बघत होता. प्रश्न आलाच.

"स्टेपनी?"

"भिया, खिलौना है."

अण्णांनी चाकं मोजली. "तिसरं आहे ना? म्हणजे स्टेपनी लावूनच दिलीय." आणि सवयीनं त्यांनी ती बोटभर स्कूटर एका बाजूला तिरकी केली, क्षणभर धरली, सरळ केली. एके काळी रोज सकाळी गल्लीगल्लीत माणसं अडून बसलेल्या स्कूटरला असंच निजवून उठवायची. पोऱ्याला काही कळेना.

ढकलायची स्कूटर घडीची करून मोठ्यांच्या हाती दिली ती झुरिकच्या विम ऑउबोटरनं. त्याला सॉसेज खायला जायचं होतं, चालत जायला लांब आणि गाडी काढायला जवळ. पोह्यांसाठी छप्पन दुकानवर जाणाऱ्या इंदूरकराला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

हँडलची उंची मात्र अण्णांनी टेपशिवाय लावली, पोराच्या कंबरेच्या जरा वर. "चार वर्षांचं पोर पुढे उभं राहिलं की त्याचं डोकं इथे येतं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "हनुवटीला लागायला लागलं, की मागे बसवायचं. रस्ता दिसत नाही." हेल्मेट त्यांनी स्वतःच्या पैशानं घेतलं, एकच. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखाद्या वस्तूची स्टेपनी विचारली नाही.

पैसे देताना ते म्हणाले, "एक और दे दो. ऐसी ही."

मी हसलो. पोऱ्याही हसला. पण ती दुसरी स्कूटर खरंच आली आणि अण्णांच्या ओसरीवर उभी राहिली, हँडल सगळ्यात खालच्या भोकावर. "नातू येईल तेव्हा लागेल," ते म्हणाले. नातू टोरांटोला. शेवटचा आला होता तो कोरोनाच्या आधीच्या दिवाळीत, तीन वर्षांचा. मी मनात बोटं मोजली आणि आमच्या पोराला हाक मारून घरी आणलं.

परवा रात्री साडेअकराला गॅलरीत आलो. रस्ते झाडून गेले होते, गल्ली स्वच्छ, एकही माणूस नाही. अण्णांचं फाटक वाजलं. पाठोपाठ अण्णा आले, हातात ती स्कूटर. खोक्यावर ५० किलोची मर्यादा लिहिलेली मी स्वतः वाचली होती, अण्णाही वाचतात.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वर पाहिलं नाही. स्कूटर एका बाजूला तिरकी केली, जरा थांबले, सरळ केली. मग धोतराचा सोगा खोचला आणि एक पाय फळीवर ठेवला.