आजीचे चारधाम आणि ६१ दिवस

चौथीच्या स्कॉलरशिपला शोभेल असे एक गणित सोडवू. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान २०० दिवस भरली पाहिजे. शाळेने हे किमान निष्ठेने पाळले, तर मूल १६५ दिवस घरी. त्यातून ५२ रविवार वजा करा, उरले ११३. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने नोकरदाराला राष्ट्रीय दिवस आणि सण मिळून ८ भरपगारी सुट्ट्या दिल्या आहेत. त्या आईबाबांना एकाच दिवशी मिळतात असे धरू, म्हणून एकदाच वजा, उरले १०५. किरकोळ रजा प्रत्येकी ८. कामाच्या दर २० दिवसांमागे १ अर्जित रजा, म्हणजे वर्षाला साधारण १४. दोघांच्या मिळून ४४. उत्तर: ६१.

या उत्तरासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. आईबाबांनी वर्षभरात एकही रजा एकत्र घ्यायची नाही. आजारी पडायचे नाही. चुलतभावाच्या लग्नाला एकानेच जायचे आणि गावच्या गणपतीचे दर्शन आळीपाळीने घ्यायचे. एवढा संसार सांभाळला की ६१ दिवस मूल कुणाकडे ठेवायचे, इतकाच किरकोळ प्रश्न उरतो. पावसाळी सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत. जुलैत रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवतात. ही बातमी शक्यतो डबा भरून झाल्यावर पोचते. ऑफिस त्या दिवशीही सुरूच असते. मुसळधार पाऊस फक्त चौदा वर्षांखालील नागरिकांवर पडतो, अशी प्रशासनाची धारणा असावी.

आता बाजाराकडे वळू, कारण बाजाराला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते आणि ते आगाऊ पैसे भरून मिळते. मे महिन्यात गल्लोगल्ली व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे भरतात. वेळ दहा ते बारा. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. बारा वाजता विकसित होऊन बाहेर पडलेले व्यक्तिमत्त्व साडेसहापर्यंत कुठे ठेवायचे, हे माहितीपत्रकात छापलेले नसते. मग हुशार पालक साखळी जोडतात: सकाळी स्केटिंग, मग वैदिक गणित, दुपारी रोबोटिक्स, संध्याकाळी संस्कार वर्ग. चार ठिकाणची फी भरून मुलाचा सर्वाधिक सहवास लाभतो तो रिक्षावाल्या काकांना, आणि संस्कारही बहुधा त्यांचेच होतात.

त्यापेक्षा पाळणाघरवाल्या काकू प्रामाणिक. त्या व्यक्तिमत्त्वाला हात लावत नाहीत. वरणभात भरवतात, दुपारी झोपवतात आणि सहानंतर अर्ध्या तासाचे वेगळे पैसे घेतात. सुट्टीत हाफ डेचे फुल डे होते, रक्कमही त्याच मापाने फुगते. ती भरायचीही आपली तयारी असते, पण मेच्या मध्यावर काकूच पंधरा दिवस कोकणात जातात. त्यांनाही नातवंडे आहेत, आणि त्या नातवंडांच्याही शाळा बंद आहेत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येते. बाबांच्या फेऱ्या कायद्याने मोजलेल्या नाहीत. ते बहुधा मीटिंगमध्ये असतील, हे संसदेने ओळखले. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत या पाळणाघरांसाठी मुलाचे वय सहा महिने ते सहा वर्षे धरले आहे. सातव्या वर्षात पदार्पण केलेल्या नागरिकाने आपली दुपार आपण पाहावी. आयकर खात्याचाही जीव मुलांवर आहे. जुन्या करपद्धतीत शाळेच्या शिक्षण शुल्कावर वजावट मिळत आली. पाळणाघराच्या फीवर नाही. शाळा उघडी असताना केलेला खर्च हा देशाच्या भविष्यासाठी, बंद असतानाचा खर्च ही तुमची चैन.

हा हिशेब ज्यांना परवडतो त्यांचा झाला. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीची महापालिकेची शाळाही बंदच असते. ती दहा वर्षांची मुलगी सुट्टीभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते. बालसंगोपन, वेळेचे नियोजन, नेतृत्वगुण, सगळे एकाच शिबिरात आणि तेही विनाशुल्क. शाळा बंद म्हणून दुपारची खिचडीही बंद. दुष्काळग्रस्त भागात ती सुट्टीतही देण्याची तरतूद आहे. म्हणजे मेमध्ये भूक लागणारच असेल, तर आधी दुष्काळ जाहीर करून घ्यावा.

तर, ते ६१ दिवस. ते भागवते आजी. कुठल्याही तक्त्यात नसलेली, पगारपत्रकावर नसलेली, रजा शिल्लक नसलेली आजी. तिला गावाहून आणायचे किंवा मुलाला तिच्याकडे पाठवायचे, एवढाच खर्च. त्यासाठी साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता रेल्वेच्या आरक्षणावर झडप घालावी लागते, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी कोकणकन्येची वेटिंग लिस्ट पाहून दीर्घ श्वास घ्यावा लागतो. पण एकदा आजी हाती लागली की फुल डे, जेवण, गोष्टी, औषधपाणी आणि रात्रपाळी, सगळे एका लुगड्याच्या हिशेबात बसते. शहरातल्या कंपन्यांची मे महिन्यातली हजेरी गुडघे दुखणाऱ्या बायकांच्या भरवशावर चालते; कंपन्यांच्या वार्षिक अहवालात मात्र आभार भागधारकांचे असतात.

यंदा आमच्या सोसायटीत या अर्थव्यवस्थेला हादरा बसला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी भजनी मंडळाबरोबर चारधामचे पैसे भरले. केदारनाथाचे दार उघडते अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, म्हणजे शाळेचे दार बंद होते तेव्हाच. कुटुंबाची तातडीची बैठक झाली. सूनबाई गप्प राहिल्या. त्यांच्या रजा मार्चमध्येच संपल्या होत्या. चिरंजीवांनी सुचवले, "आई, पावसाळ्यात जा ना." आजींनी दरडींची आठवण करून दिली. "मग दिवाळीनंतर?" केदारनाथ भाऊबीजेला बंद होतो, हे आजींनाच सांगावे लागले. देवाने आणि शिक्षण खात्याने एकमेकांना विचारून वेळापत्रक केलेले नाही, एवढे बैठकीत निष्पन्न झाले.

"अहो, पण पोराला कोण बघणार?" आजोबांनी मुद्द्याला हात घातला.

"त्याचा बाप बघेल," आजी म्हणाल्या आणि स्वेटर शोधायला उठल्या.

बापाने रात्री ऑफिसचे पोर्टल उघडले. रजेच्या कारणांच्या यादीत 'मूल घरी आहे' असा पर्याय नव्हता. आजी हृषीकेशच्या पुढे निघाल्या, त्याच दिवशी त्याची रजा मंजूर झाली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते: आई अंथरुणाला खिळली आहे.