भिगवणच्या ताटाचे धर्मशास्त्र

ज्यू धर्मशास्त्राच्या नियमांत बसणाऱ्या अन्नाला 'कोशर' म्हणतात, आणि असे मांस जाड तुकड्यांत विस्तवावर भाजून वाढणारी उपाहारगृहे न्यूयॉर्कपासून तेल अवीवपर्यंत कचेऱ्यांतील मंडळींच्या सामुदायिक भोजनासाठी प्रसिद्ध आहेत. बारामती व इंदापूर या तालुक्यांत अशा उपाहारगृहाचा शोध घेणे व्यर्थ होय, कारण १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गायीची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंचीही कत्तल महाराष्ट्रात बंद झाल्याने 'स्टेक' या पदार्थाचा मूळ आधारच येथे उरलेला नाही. तथापि एका कचेरीतील दहा-बारा माणसांनी आपापला धर्म, व्रत, वार, पथ्य आणि पगार यांचा मेळ घालून एकाच टेबलाभोवती सामिष भोजनास बसणे हा जो खरा विषय, त्याच्या अभ्यासाला इंदापूर तालुक्यातील भिगवणइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर यशवंतसागर जलाशयाच्या फुगवट्याचे पाणी भिगवणपर्यंत पसरले, पळसदेवच्या प्राचीन मंदिरासह जुनी गावे बुडाली, आणि जेथे पूर्वी शेते होती तेथे होड्या, मच्छीचे लिलाव आणि त्यांच्या मागोमाग महामार्गाच्या कडेने 'स्पेशल मच्छी थाळी'च्या पाट्या आल्या. थंडीच्या दिवसांत कुंभारगाव व डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, त्यामुळे कचेरीच्या परिपत्रकात सहलीचा हेतू 'पक्षिनिरीक्षण' असा नोंदवण्याची सोय झाली आहे. प्रत्यक्षात एकच दुर्बीण पाच मिनिटे सर्वांमधून फिरते, 'लांब आहेत' असा एकमुखी निष्कर्ष निघतो आणि गाड्या जेवणाकडे वळतात. बारामतीची मंडळी भिगवण रस्त्याने आणि इंदापूर शाखेची मंडळी महामार्गाने येते. दोन्ही बाजू 'पाच मिनिटांत पोचतोच' असे कळवतात आणि ते कोणीही खरे मानत नाही.

या सहलीतील सर्वांत अवघड टप्पा मात्र प्रवासाचा नसून तारखेचा असतो. कोशर नियम मुख्यतः काय खावे आणि कसे खावे हे सांगतात, तर बारामतीचे नियम मुख्यतः केव्हा खाऊ नये हे सांगतात, आणि हा भेद तौलनिक अभ्यासकांनी पुरेसा लक्षात घेतलेला दिसत नाही. सोमवार महादेवाचा म्हणून वसुली विभागाला वर्ज्य, मंगळवार गणपतीचा म्हणून लेखापालांना, गुरुवार स्वामींचा व साईबाबांचा म्हणून निम्म्या कचेरीला आणि शनिवार मारुतीचा म्हणून उरलेल्या निम्म्या कचेरीला वर्ज्य असतो. राहिलेल्या वारांतून एकादशी, संकष्टी, श्रावण, नवरात्र आणि मार्गशीर्ष वजा केल्यावर हाती येणारा बुधवार नेमका ताळेबंदाचा निघतो. त्यात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते त्या दिवसांत सामिष भोजनाचा विषयही कोणी काढत नाही. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि एरवी ज्या प्राण्याची ओळख या मंडळींना केवळ किलोच्या भावाने असते त्याला त्या दिवशी प्रदक्षिणेचा मान मिळतो. ज्यू परंपरेत अव महिन्याच्या आरंभीचे नऊ दिवस अनेक समाज मांस वर्ज्य करतात, आणि हा महिना बहुधा श्रावणाच्या आसपासच पडतो. पण नऊ दिवसांत आटोपणारा श्रावण ही कल्पना बारामतीत सवलत म्हणूनच ऐकली जाईल.

कोशर शास्त्राच्या उरलेल्या कलमांत बारामतीकराला परके वाटावे असे फार थोडे आहे. रवंथ करणारा व दुभंगलेल्या खुराचा प्राणीच चालतो, म्हणजे बोकड निर्विवाद पास होतो. प्राणी कापण्याचे काम 'शोखेत' नावाच्या प्रशिक्षित माणसाने, दाता न पडलेल्या सुरीनेच करायचे असते. महाराष्ट्राच्या गावगाड्यात हेच काम मुलाण्याकडे होते, आणि हिंदू देवाच्या जत्रेतला बोकडही मुलाण्याने सुरी फिरवल्यावाचून पातेल्यात जात नसे. धार्मिक ज्यू घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी ठेवतात. येथे मटणाचे पातेले वेगळे असते, ते परसातल्या चुलीवर चढते आणि देवघराच्या वाटेने येत-जात नाही. खरी अडचण एकाच कलमाची, कारण मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही आणि मांसानंतर दुधासाठी अनेक समाजांत सहा तास थांबावे लागते. कोकणात स्थिरावलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाने, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' असे नाव पडले, ही अडचण नारळाच्या दुधाने सोडवली आणि मटणाच्या रश्श्यापासून गव्हाच्या चिकाच्या हलव्यापर्यंत सर्वत्र तेच वापरले. ठिबक सिंचन पाहण्यासाठी इस्रायलच्या अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या ऊस बागायतदाराला मात्र ही तोड ठाऊक नसते, आणि कोशर हॉटेलात मटण संपवून त्याने 'एक चहा, दूध जास्त' असे सांगितले की वाढप्याच्या चेहऱ्यावर संपूर्ण नियमशास्त्र उमटते.

भिगवणचे टेबल या सर्व शास्त्रांची प्रात्यक्षिक परीक्षा घेते. माळकरी अण्णांसाठी पिठले मागवले जाते आणि ते वाढप्याला विचारतात, "तवा वेगळा हाय ना रं?" त्यावर "येगळाच हाय अण्णा, मगाशी ह्याच्यावरच तर चिलापी मासळी तळली," असे उत्तर आल्याने अण्णा दह्यावर व ठेच्यावर जेवण भागवतात. आवक-जावक विभागातील ताई पूर्ण शाकाहारी असतात, परंतु "तुकडी नको, नुसता रस्सा चालेल," अशी त्यांची उपशाखा आहे, आणि त्या उपशाखेची अनुयायी संख्या मूळ संप्रदायाहून मोठी आहे. एवढ्यात चिलापी येते. पाठीवर तिरक्या चिरा देऊन त्यांत लाल तिखट, हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण बोटाने दाबून भरलेले असते; शेपटीची टोके तेलात कुरकुरीत होऊन वर वळलेली असतात आणि तीच आधी मोडून खाण्याचा प्रघात आहे. चिलापीचे काटे मोठे व सुटसुटीत असल्याने बोलत बोलत खाता येते. राहूच्या मांसात बारीक दुफाटी काटे लपलेले असल्याने बोलणे धोक्याचे ठरते, म्हणूनच साहेबांच्या ताटात जाणती मंडळी राहूची तुकडी वाढतात आणि मार्गदर्शनपर भाषण आपोआप लांबणीवर पडते.

कोशर नियमाप्रमाणे ज्या माशाला पर व खवले दोन्ही असतील तोच भक्ष्य ठरतो. म्हणजे चिलापी, राहू, कटला आणि मरळ चालतात, मात्र बिनखवल्यांचा मांगूर, कोळंबी आणि खेकडे बाद होतात. त्याहून मौजेची गोष्ट अशी की चिलापी हा मुळात आफ्रिकी कुळाचा मासा असून तो १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आणि त्याचेच भाऊबंद इस्रायलमधील गालील सरोवरात राहतात, जेथे काठावरच्या तिबेरियस गावात ते 'संत पीटरचा मासा' म्हणून अख्खे तळून पर्यटकांपुढे येतात. ठिबकच्या अभ्यासाला गेलेला इंदापूरकर त्या पवित्र माशाकडे पाहून "ही तर आपली चिलापी!" असे उद्गारला, तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरच ठरतो. फरक इतकाच की तेथे सोबतीला लिंबाची फोड आणि बटाट्याच्या काचऱ्या असतात, रस्सा व भाकरी नसते, आणि एवढ्या लांब जाऊन अळणी चिलापी खाल्ल्याची बाब दौऱ्याच्या अहवालात कोणी लिहीत नाही.

बिल आल्यावर मात्र सर्व धर्मशास्त्रे एकाच वेळी जागी होतात. पिठलेवाले, नुसता रस्सेवाले, दोन चिलापीवाले आणि 'माझा उपास होता, मी फक्त सोलकढी घेतली'वाले यांनी समान वर्गणी द्यावी की खाल्ल्याप्रमाणे, यावर मोशेच्या नियमशास्त्रात काहीही सांगितलेले नाही आणि सहकार कायद्यातही नाही. यासाठी जाणाऱ्यांनी ताळेबंदाचा नसलेला बुधवार किंवा रविवार निवडावा, अण्णांचा तवा आधी डोळ्यांनी पाहून घ्यावा आणि वर्गणी बारामती सोडण्यापूर्वीच रोख गोळा करावी.