वागळे इस्टेट, व्हाया सिंगापूर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. भाजणी, मेतकूट, कुरडया शाबूत. लोणच्याची बरणी मात्र आईने इतक्या पिशव्यांत गुंडाळली होती की ती सोडवताना जावईबापू घामाघूम. कुकरच्या शिट्ट्या होईतो लिहिते.

बाबा, दादाच्या वागळे इस्टेटमधल्या नव्या ऑफिसपायी तुम्हाला झोप नाही, हे काल फोनवर कळलं. सुतार म्हणतो एसीवाल्याने अडवलंय, एसीवाला म्हणतो लाइटवाल्याने, आणि लाइटवाला गावी. त्यात उद्घाटन पाडव्याला! पण इथे सिंगापुरात ऑफिसं उभी करून देताना माझं पोट याच भांडणांवर चालतं. इथली मंडळी फक्त ईमेलवर आणि ‘काइंड रिगार्ड्स’ लिहून भांडतात.

इथले नियम ऐका, म्हणजे वागळे इस्टेट गोड लागेल. आमच्या इमारतीत ड्रिल लावायचं ते ऑफिसं सुटल्यावर. दिवसा ‘घर्र’ झालं की खालच्या मजल्यावरचा वकील वर. म्हणून ड्रिलवाले रात्री, रंगारी दिवसा, आणि परवाने दोघांचे वेगळे. स्प्रिंकलरला हात लावायचा तो इमारतीने नेमलेल्या माणसानेच. त्याला दुसरा स्पर्धकच नाही, त्यामुळे एक स्प्रिंकलर वीतभर सरकवायचा त्याचा दर वाचून मी आधी पाणी प्यायले. वर लिफ्टला ओरखडा आला तर कापून घ्यायला अनामत आधीच भरायची.

कहर पुढेच आहे. भाडेकरार संपला की छत, काचा, गालिचा, पॅन्ट्रीचा ओटा, सगळं उखडून जागा घेतली होती तशी परत द्यायची. जे मी आज बसवतेय, तेच तोडायचा अंदाजखर्च क्लायंट आजच मागतो. आणि आपल्याकडे आजोबांनी ठोकलेली खुंटी रंगकामातही हलत नाही!

नानाकाकांनी वास्तूसाठी केबिनचं दार फिरवायला लावलं म्हणे. आई, तू हसलीस, मी नाही हसले. दार फिरलं की स्विचबोर्ड दाराआड जातो, मग रोज दिवा लावायला आधी दार बंद करा. काका रेल्वेतून निवृत्त झाले, पण झेंडा दाखवायची सवय सुटली नाही. तर मग कल्याणहून बोलावून त्यांनाच साइटवर बसवा. चार कंत्राटदारांना वेळापत्रक पाळायला लावणारा एक तरी माणूस हवाच, आणि त्यांचा आवाज कुठल्याही ईमेलपेक्षा भारी आहे.

माईआत्याच्या गुडघ्याचं काय ठरलं? वहिनीला म्हणावं, पडदे शेवटी. आधी आणलेस तर पॉलिशवाला त्यांनाच हात पुसेल.

पाडव्याची इथे सुट्टी नसते. डोंबिवलीत 1999 पासून स्वागतयात्रा निघते, आणि मी त्या सकाळी कोणाच्या तरी परवान्यावर सही घेत उभी असणार. फडके रोडवर ढोल सुरू झाले की फोन उंच धरा. बोलू नका, नुसता धरा. तेवढ्या आवाजाला इथे कोणता परवाना लागेल, ते विचारून ठेवते.

दादा, तुझ्यासाठी एवढंच. एसीच्या ड्रेन पाइपात बादलीभर पाणी ओतून ते मोरीत पोचतंय का ते स्वतः बघ. उतार चुकला तर पावसाची वाट न बघता ऑफिस गळेल. वायरिंग, नेटच्या केबली, एसीचे पाइप यांचे फोटो काढून ठेव. आणि चौघा कंत्राटदारांच्या सह्या होईपर्यंत छत बंद करू देऊ नकोस, पाडवा टळला तरी चालेल.

तुमची,
ताई