पन्नाशीनंतरची मांड : इच्छुकांसाठी सूचना

नागपूरच्या सदरमधील नुकत्याच निवृत्त झालेल्या पुरुषांना अचानक घोड्यावर बसण्याची इच्छा होते, असे निदर्शनास आले आहे. (आमच्या भाऊजींना झाली.) सबब पुढील सूचना जारी करण्यात येत आहेत.

सूचना १. बूट आधी घेऊ नयेत. भाऊजींनी घेतले, गुडघ्यापर्यंतचे, तपकिरी. ते घालून रेसिडेन्सी रोडवर पान खाऊन आले, तेव्हा घोडा अजून पाहायचाच होता. आधी घ्यावे ते हेल्मेट, आणि तेही घोडेस्वारीचे. स्कूटरचे चालत नाही. बूट साधा चालतो, फक्त त्याला टाच हवी. टाचेमुळे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही आणि पडलेला स्वार फरफटत जाण्याचा धोका कमी होतो.

सूचना २. ‘पूर्वानुभव’ म्हणून स्वतःचे लग्न सांगू नये. त्या घोडीचा लगाम सईसाच्या हातात होता, तुमच्या पुढ्यात करवला होता, आणि रस्ता तिला पाठ होता. त्या वरातीत तुम्ही सामान होता.

सूचना ३. पूर्वजांना मध्ये आणू नये. नागपुरात कुणालाही विचारा, भोसल्यांच्या फौजेतला एक तरी शिलेदार घराण्यात निघतोच. भाऊजींकडे दोन आहेत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. पण बारगीर कुणाचाच पणजोबा नसतो. भाऊजी सध्या तासाचे पैसे मोजून दुसऱ्याच्या घोडीवर बसतात. बारगिराला निदान पगार होता. शिवाय इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईचा विषय काढलात, तर २७ नोव्हेंबर १८१७ रोजी कॅप्टन फिट्झजेराल्डच्या बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्यांपुढे भोसल्यांचे स्वार कसे पांगले, तेही सांगावे लागते. ते भाऊजी सांगत नाहीत.

सूचना ४. चढावे डावीकडून. तलवार डाव्या कमरेला असायची, ती आड येऊ नये म्हणून पडलेली रीत. तलवार गेली, बाजू राहिली. चढण्यापूर्वी तंग पुन्हा तपासावा. खोगीर चढवताना बरीच घोडी पोट फुगवून ठेवतात, नंतर श्वास सोडतात, आणि मग खोगीर स्वारासकट एका अंगाला जाते. चढायला ओटा वापरण्यात कमीपणा नाही; उलट घोड्याच्या पाठीला तो बरा.

सूचना ५. मांड. खरी विद्या हीच, बाकी सारी खोगीरभरती. खांदा, कंबर आणि टाच एका ओळंब्यात हवी. वजन टाचेत, नजर पुढे. खाली पाहू नये, जमीन जागेवरच असते. लगाम हा शहर बसचा दांडा नव्हे. त्याचं दुसरं टोक एका जिवंत तोंडात आहे. हे सगळं भाऊजींना वहीत लिहून पाठ आहे, पण वर बसले की ते श्वास रोखतात. माणूस ताठरला की घोडीही ताठरते, आणि घोडं पेंड खातं ते इथेच. अधीक्षक असताना भाऊजींनी आवाज चढवला की फाइल हलायची. घोडीला वेतनश्रेणी कळत नाही, बूड कळतं. सईस रोज ओरडतो, “साहेब, श्वास घ्या ना बाप्पा!”

आणि एके सकाळी त्यांनी घेतला. घोडी दुडकीवर गेली, भाऊजी तिच्या तालात उठत-बसत राहिले आणि खोगिराला हात न लावता पुरा फेरा मारून आले. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर ताईशी लग्न झालं तेव्हाही पाहिलं नव्हतं. असो. थोरले बाजीराव घोड्यावर बसून कणसं खात, असं सांगतात. पहिल्या वर्षी कणीस नको.

सूचना ६. घोड्याच्या मागून जाऊ नये. त्याला शेपटीमागचं दिसत नाही, लाथ मात्र तिथेच पोचते.

सूचना ७. मे महिन्यात सूर्य उगवण्याआधी. नागपूर आहे.

सूचना ८. उतरल्यावर थेट तर्री-पोह्यांकडे पळू नये. तंग सैल करून घोड्याला सावकाश चालवावं, घाम निवू द्यावा, खुरांतले खडे काढावेत, खरारा करावा. भाऊजी हे सगळं स्वतः करतात, कुणी न सांगता. घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाहीत.

सूचना ९. घोडा विकत घेऊ नये. सदरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला पागा नसते, आणि आमच्या सोसायटीत अजून कुत्र्याचाच वाद मिटलेला नाही. चंदी, चारा, सईसाचा पगार, दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. ताईने सगळा हिशेब मांडून फ्रिजवर चिकटवला. भाऊजींनी तो चष्मा लावून वाचला, बेरीज बरोबर असल्याचं सांगितलं, आणि दत्तजयंतीच्या सुमाराचं नंदुरबारचं तिकीट काढलं. तिथून सारंगखेडा, तापीकाठचा घोडेबाजार. नुसतं पाहायला जातो, म्हणतात. ताई मला सोबत धाडते आहे. चेकबुक माझ्याकडे राहील.