नाडी देऊन आलो

लेंग्याची नाडी तुटली. पूर्वी ती कोपऱ्यावरच्या सुया-दोऱ्यांच्या दुकानात मिळायची. त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणून स्टेशनजवळच्या एका मोठ्या एसी दुकानात गेलो. नाडी घेतली, तीस रुपये हातात धरून रांगेत उभा राहिलो.

"मोबाइल नंबर, सर?" काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"नाडीला?"

"बिलाला."

"पण बिल नाडीचंच आहे ना?"

"सर, नंबर टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

मागून आवाज आला, "काका, द्या ना नंबर, घरी गॅसवर दूध आहे." मराठी माणूस एक वेळ दिल्लीशी भांडेल, पण रांगेतल्या माणसाच्या 'च्यक्'पुढे त्याचा टिकाव लागत नाही. मी नंबर दिला. मग जन्मतारीख दिली. लग्नाची तारीखही दिली. निदान दुकानाच्या तरी ती लक्षात राहील. जिना उतरेपर्यंत फोन वाजला. आदरणीय ग्राहक म्हणून माझं अभिनंदन झालं होतं आणि लेहंग्यांवर चाळीस टक्के सूट मिळाली होती. लेंगा आणि लेहंगा यांतला फरक सिस्टिमला कळत नसावा.

"अहो, असा नंबर वाटत सुटायचा नसतो," घरी आल्यावर ही म्हणाली. "मी कुठ्ठेच देत नाही."

"मग मागितला की काय करतेस?"

"तुमचा देते."

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पैठणी महोत्सवाची आमंत्रणं मला का येतात, ते कळलं. मग चिरंजीवांनी दाढीच्या तेलाची कबुली दिली. पुतणीने बाळाचे डायपर माझ्या नंबरावर घेतले होते, मेहुण्याने गुडघ्याचा पट्टा. म्हणजे माझ्या नंबरावर एक वेगळाच इसम उभा राहिला आहे. तो पैठणी नेसतो, दाढीला तेल लावतो, महिन्याला डायपरची दोन पाकिटं संपवतो आणि दुखऱ्या गुडघ्याने वाघोलीत टू बीएचके बघत फिरतो. आता लेंगाही घालतो. या इसमाला बिनतारण कर्ज द्यायला रोज कुणीतरी फोन करतं. मी स्वतः बँकेत गेलो की मात्र तीन वर्षांची रिटर्न्स मागतात.

आमच्या घरापुरता हा विनोद झाला. ज्यांच्या नंबरावर फक्त त्यांचीच खरेदी असते, त्यांनी हसू नये. एकाच नावाची दहा माणसं गावात सापडतात, नंबर मात्र एकाचाच असतो. बँक, आधार, गॅस सगळं त्याला बांधलेलं असल्यामुळे तो कुणी बदलतही नाही. औषधाच्या दुकानाची यादी वेगळी आणि मिठाईच्या दुकानाची वेगळी असते तोवर ठीक. कुणी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, की मधुमेहाच्या गोळ्या आणि दर गुरुवारचे पाव किलो पेढे एकाच ओळीत येतात. आपली नाडी सापडते ती अशी. पूर्वी त्यासाठी वैद्याला निदान मनगट धरावं लागायचं.

आणि नंबर विचारतो तो दुकानदार सज्जनच म्हणायचा. विचारतो तरी! अमेरिकेत 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं बॅटरीचं ॲप होतं. काम काय, तर अंधारात उजेड पाडायचा. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने पाहिलं, तर ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. 'मान्य' किंवा 'अमान्य' हे बटण दाबायच्या आधीच माहिती रवाना व्हायची. २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीचं प्रकरण निघालं. तिचे एक कोटी दहा लाख टीव्ही, घरात काय बघितलं जातंय याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनीला कळवत होते. बावीस लाख डॉलर भरून तिने प्रकरण मिटवलं. आपण टीव्हीसमोर बसतो, असं आपल्याला वाटत असतं. टीव्हीही आपल्यासमोर बसलेला असतो.

आपल्याकडे सगळे स्वस्थ बसलेत, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका. दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं गेलं. लोक चुकीचा अर्थ काढतील, अशी सरकारला भीती वाटली. मे २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानदारांना बजावलं, की बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा जन्माला आला. नियमांचं बारसं २०२५ च्या नोव्हेंबरात झालं आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या पायावर उभ्या राहायला तिथून पुढे अठरा महिने. माहिती सांभाळण्यात कंपनीने कसूर केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. तुम्ही फालतू तक्रार केलीत, तर तुम्हालाही दहा हजारांपर्यंत आहे. कायद्यापुढे सगळे समान.

या कायद्याचा बराचसा डोलारा एका शब्दावर उभा आहे: संमती. ती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि विनाअट दिलेली हवी. आता आपण संमती कशी देतो ते आठवा. पडद्यावर मुंगीच्या पायांएवढी अक्षरं येतात, आपण अंगठ्याने ती सर्रकन वर ढकलतो आणि 'मी सहमत आहे'वर टिचकी मारतो. लग्नात तरी आणखी काय होतं? भटजी घसा फोडून 'सावधान' म्हणत असतात आणि वऱ्हाडी अक्षता टाकून पंगतीकडे बघत असतात. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाले, असं फक्त समर्थ रामदासांबद्दल सांगतात. अटी आणि शर्ती नीट ऐकणारा महाराष्ट्रातला तो पहिला ग्राहक. दुसरा अजून सापडायचा आहे.

समर्थांना स्मरून गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुसऱ्या लेंग्यालाही नाडी हवीच होती.

"मोबाइल नंबर, सर?"

"देणार नाही," मी म्हणालो. आवाज जरा कापला. मागे कुणीतरी 'च्यक्' केलंच. आता वाद होणार, मॅनेजर येणार, आपण मे २०२३ चा दाखला देणार, अशी सगळी तयारी करून मी उभा होतो.

मुलीने मान वर केली नाही. एकच आकडा दहा वेळा दाबला. यंत्र घरघरलं आणि बिल बाहेर आलं: नाडी एक, रुपये तीस.

आपल्या नंबराशिवाय सिस्टिम पुढे जाते. तुम्हीही एकदा 'नाही' म्हणून बघा.