चार लिंबं आणि एक बटन

गाडीत एक बटन असं असतं की ते दाबलं की गाडीची अक्कल कमी होते आणि चालवणाऱ्याला आपली वाढल्यासारखी वाटते. त्यावर मागे दोन नागमोडी रेघा सोडत घसरणाऱ्या मोटारीचं चित्र असतं आणि खाली 'ऑफ' लिहिलेलं असतं. स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद करण्याची ही सोय. माझं म्हणणं सरळ आहे: गाडी जागची हलत नसेल तेव्हा ही यंत्रणा बंद करावी आणि गाडी धावत असेल तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. एवढ्याशा गोष्टीला लेख लागतो, कारण माझ्यासकट बहुतेकांची इच्छा नेमकी उलटी असते. चिखलात रुतल्यावर आपल्याला साऱ्या यंत्रणांची मदत हवी असते, आणि सातारा रस्त्यावर शिरवळ मागे पडून खंबाटकी घाटाची चढण दिसू लागली की कुणाचीच नको असते. हा आपल्या हातावरचा विश्वास. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहभागी झालेल्या अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी गाडी चालवण्याच्या कौशल्यात स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं होतं. ही पाहणी सातारा-सांगलीकडे झाली नाही तेच बरं. आपली टक्केवारी शंभरात मावली नसती. त्या यादीत मी कुठे बसलो असतो हा प्रश्नच येत नाही, मी इतरांना गुण द्यायला बसलो असतो.

आता ही यंत्रणा करते काय ते बघा. स्टिअरिंग किती वळवलंय हे तिला कळतं, आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हेही कळतं. मालकाची इच्छा आणि गाडीची कृती यांत फरक पडला की ती एकाच चाकाला ब्रेक लावते. तोंड वळणाबाहेर चाललं असेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. शेपूट बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं. गरज पडली तर इंजिनाचा जोरही कमी करते. हे सगळं आपण दचकायच्या आत उरकलेलं असतं. त्या क्षणी समोर पिवळा दिवा लुकलुकतो. हा दिवा लुकलुकला म्हणजे यंत्रणा काम करतेय आणि नुसता लागून राहिला म्हणजे ती बंद आहे किंवा बिघडली आहे, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. पण तो लुकलुकणारा दिवाच आपल्याला सलतो. वळण कसं झकास काढलं असं मनात येतं न येतं तोच, ते कुणी काढलं याची नोंद तो आपल्या डोळ्यांसमोर करतो. शेजारी बायको बसलेली असेल तर तिच्याही. मला वाटतं, बटनाकडे जाणाऱ्या बोटाची खरी प्रेरणा इथे आहे. अभियांत्रिकीचा त्यात काही संबंध नाही.

खरं तर प्रत्येक चाकाचा स्वतंत्र विचार करणारी यंत्रणा आपल्याकडे फार जुनी आहे: नवी गाडी शोरूमबाहेर काढताना चार चाकांखाली ठेवायची चार लिंबं. बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये आपली यंत्रणा बाजारात आणली तेव्हा त्यांना हा शोध नवा वाटला असेल, पण चाकं तितकी लिंबं हा हिशेब आपण कधीच मांडला होता. स्टेपनीला लिंबू लागतं का, यावर मात्र अजून एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, स्टेपनी जमिनीला टेकत नाही, तेव्हा तिला दृष्ट लागायचा प्रश्न नाही. दुसरा म्हणतो, जे चाक ऐन संकटात बाहेर काढायचं त्यालाच संरक्षण नाही, ही कुठली पद्धत? माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण डिकीत लिंबू चिरडायचं कसं याचा तोडगा त्या पक्षाकडे नाही. शिवाय पुढे मिरचीसह एक टांगतं लिंबू असतं, ते शनिवारी बदलतात. बदलण्याची तारीख ठरलेली, चुकवल्यास घरून बोलणी. ब्रेक ऑइलच्या वाट्याला ही शिस्त आली असती तर गॅरेजवाले उपाशी मरते. आणि मुख्य गोष्ट अशी की लिंबाला 'ऑफ'चं बटन नाही. घाटातल्या खामजाई देवीला हात जोडताना 'आजच्या दिवस आशीर्वाद बंद ठेव, मला स्वतःला वळण घ्यायचंय' असं कुणी म्हणत नाही. जे दिसत नाही त्याची मदत आपण चोवीस तास घेतो, आणि जिचे पैसे भरले तिची घेताना कमीपणा वाटतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मंडळींचा: आम्ही फियाट आणि अँबॅसिडर घेऊन हाच घाट चढलो, तेव्हा कुठली यंत्रणा होती? नव्हती, मान्य. पण त्या गाड्या घाट चढताना तापायच्या आणि बॉनेट उघडून उभ्या राहायच्या. उभी गाडी घसरत नाही. आजची गाडी चढणीवरसुद्धा शंभरी गाठते आणि आत बसलेल्याला ते कळतही नाही. दुसरा आक्षेप कौशल्याचा: ज्याचा हात बसलाय त्याला यंत्र कशाला? कारण हात कितीही बसला तरी पाय एकच असतो. ब्रेकचं पेडल एक, ते चारही चाकांना लागतं. फक्त मागचं डावं चाक धरणारा चालक अजून जन्माला यायचाय. शर्यतीतले चालक यंत्रणा बंद करतात, हेही खरं. पण शर्यतीच्या मैदानात वळणाबाहेर गाडी थोपवायला मोकळी जागा राखलेली असते, उलट्या दिशेने दुचाकी येत नाही आणि मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली तर नाहीच नाही. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये समोर अचानक हरीण आलं तर काय, या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली, आणि त्या कंपनीने ही यंत्रणा त्या गाडीत सरसकट बसवली. तिकडे एका जनावरावर भागलं. सातारा रस्त्याला तशीच चाचणी घ्यायची तर निदान म्हैस, कुत्रं आणि दुभाजकावरून उडी मारणारा माणूस लागेल.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: यंत्रणा आहे म्हणून माणूस बेफिकीर होतो. होतो. यंत्रणा नवी पकड निर्माण करत नाही. रस्ता आणि टायर यांच्यात असेल तेवढीच वापरते. साठच्या वेगाने निघणारं वळण ऐंशीने घेतलं की गाडीला धरून ठेवायला लागणारी पकड जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती डांबरावर पसरलेली असेल तर असते ती पकडही निम्मी. तरीही अमेरिकेतला अनुभव असा की या यंत्रणेने एकट्या गाडीचे जीवघेणे अपघात जवळजवळ निम्म्याने कमी केले. म्हणजे बेफिकिरी वजा जाऊनही शिल्लक भरपूर. म्हणून तिथे २०१२च्या मॉडेलांपासून ती सक्तीची झाली.

साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतारावर जे 'एस' वळण लागतं, त्याबद्दल लिहिताना मात्र विनोद सुचत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीकडे कामाला निघालेल्या मजुरांचा टेम्पो तिथे उलटला आणि १७-१८ माणसं गेली. त्या टेम्पोत कसलं बटन असणार? मागच्या हौद्यात बसलेल्यांना पट्टासुद्धा नव्हता. ते वळण वाईट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहापदरी जुळ्या बोगद्यांच्या आराखड्यात ते टाळायचंच होतं. इथे माझी चिडचिड होते ती अशी: ज्यांच्याकडे यंत्रणा नाही ती माणसं मालासारखी वाहून नेली जातात, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची ती बंद करण्याबद्दल हौशी चर्चा चालते. बरीच वर्षं आपल्याकडे ती महागड्या मॉडेलांतच मिळे, आणि गिऱ्हाईक आधी सनरूफ आहे का विचारी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या सुरक्षा-चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर ही यंत्रणा लागते. तारे दिसायला सनरूफ लागत नाही, हे त्यामुळे तरी कळावं.

मग बटन दिलंच कशाला? चिखलासाठी. जत्रेला शेतात गाडी लावली, पाऊस पडला, काळ्या मातीत पुढची चाकं फिरू लागली, की यंत्रणा घसरण ओळखून इंजिनाचा जोर कापते. आपण अॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी नुसती कण्हतेय. अशा वेळी थोडं चाक फिरू देणंच हिताचं. ट्रॅक्टरवाल्याला हे शिकवावं लागत नाही. त्याच्या पायाशी डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की दाबतो आणि वळायच्या आधी सोडतो. लॉक लावून कुणी सातारा गाठत नाही, आणि लॉक दाबण्या-सोडण्यात त्याला अपमानही वाटत नाही. बऱ्याच मोटारींत बटन थोडं दाबलं की चाक फिरण्यावरचा अटकाव सुटतो, दाबून धरलं की उरलेली यंत्रणाही सुटते. आधी चालू ठेवूनच एकदा प्रयत्न करावा, कारण काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवतात. नाही जमलं तर बंद करावी, स्टिअरिंग सरळ धरावं, दुसरा गिअर टाकावा आणि आतल्या मंडळींना उतरवावं. डांबर लागलं की लगेच चालू करावी. विसरलो तरी बहुतेक गाड्या पुढच्या वेळी सुरू होताना ती आपणहून चालू करतात. बनवणाऱ्यांनी आपल्याला बरोबर ओळखलंय. चिखल उडतो तो फिरणाऱ्या चाकाच्या मागे, तेव्हा ढकलणाऱ्यांनी जरा बाजूला उभं राहावं. 'अहो, बटन बंद करा' असं मघापासून ओरडणाऱ्याला हवं तर नेमकं तिथे उभं करावं.